संस्थेच्या नियतकालिकांसाठी वर्गणी एजन्सी नेमायची आहे, काय बघून ठरवावं? (पुणे)

ग्रंथपाल_एरंडवणे

नमस्कार. एरंडवण्यातल्या एका विश्वस्त संस्थेच्या ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. संस्था इतिहास आणि समाजशास्त्रात काम करते. पीएच.डी.चं केंद्र आहे, पण सरकारी अनुदान नाही. आमच्याकडे साधारण दीडशे नियतकालिकं येतात. त्यात तीसेक परदेशी, चाळीसेक इंग्रजीतली भारतीय आणि बाकी मराठी. काही वर्गणीने येतात, काही आमच्या स्वतःच्या त्रैमासिकाच्या विनिमयात.

आतापर्यंत सगळ्या वर्गण्या आम्ही थेट भरत आलो. हा विभाग सांभाळणारे सहकारी मार्चअखेर निवृत्त झाले. कुठलं त्रैमासिक कायम दोन महिने उशिरा निघतं, कुणाला चेक चालतो आणि कुणाला फक्त एनईएफटी, कुठल्या संपादकांना फोन केला की अंक हमखास येतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या जागी नवीन माणूस भरणार नाही असं व्यवस्थापनाने सांगितलंय. सगळं एका एजन्सीकडे द्या, एक बिल येईल, एक चेक जाईल, असा विश्वस्तांचा आग्रह आहे.

तीन कोटेशन्स आली आहेत. पुण्यातली एक एजन्सी सगळ्या यादीवर सरसकट ५ टक्के सूट देतेय, पण पूर्ण रक्कम आगाऊ मागतेय. दिल्लीची एक सूट देत नाही, उलट २ टक्के सेवाशुल्क लावते. सगळे अंक आधी त्यांच्या ऑफिसात जातील, तिथे तपासून दर पंधरा दिवसांनी आम्हाला पार्सल येईल, असं त्यांचं म्हणणं. तिसरी मुंबईची. ते म्हणतात, परदेशी आणि इंग्रजी घेतो, मराठीच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

सभेत चर्चा होते ती फक्त त्या ५ टक्क्यांची. मला काळजी आहे ती वेगळीच. आमच्याकडे बीड, लातूर, सोलापूरकडून मुलं येतात. एसटीने पुण्यात येऊन दोन-तीन दिवसांत काम उरकून परत जायचं असतं त्यांना. बांधलेल्या खंडात नेमका हवा तो अंक नसला की त्यांचा तो फेरा वाया जातो, आणि तो अंक पुढे मिळत नाही. एजन्सी आल्यावर अंक गळायचं प्रमाण कमी होतं की वाढतं? तीनपैकी कुणाला निवडावं यापेक्षा त्यांना काय विचारावं ते सांगितलंत तर फार मदत होईल. जानेवारीपासूनच्या वर्गण्यांची ऑर्डर येत्या महिन्यात द्यायची आहे.

जुनी_नोंदवही

मॅडम, मी पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेतून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. नियतकालिकं हा माझा आवडता विभाग, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सूट किती हा प्रश्न शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा : आमचे पैसे प्रकाशकाच्या खात्यात कधी पोचणार आणि ते पोचल्याचा कोणता कागद तुम्ही आम्हाला देणार? आपण वर्षभराच्या अंकांचे पैसे आगाऊ भरतो. ते पैसे मध्ये काही आठवडे एजन्सीच्या खात्यात असतात. त्या काळात एजन्सी बसली, तर अंकही नाहीत आणि पैसेही नाहीत.

ही नुसती भीती नाही. स्वेट्स ही नेदरलँड्सची कंपनी, १९०१ सालची, जगभरच्या ग्रंथालयांना नियतकालिकं पुरवणारी. सप्टेंबर २०१४ मध्ये ती दिवाळखोर जाहीर झाली. महिना बघा. पुढच्या वर्षाच्या वर्गण्यांचे पैसे ग्रंथालयं याच सुमारास भरतात. ज्यांचे पैसे स्वेट्सकडे पोचले होते पण प्रकाशकांकडे गेले नव्हते, ते पैसे येणं असलेल्या बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसले. त्याआधी २००२ संपता संपता अमेरिकेत रोकॉमचं असंच झालं होतं. ती फॅक्सन या १८८१ पासूनच्या एजन्सीची वारस कंपनी. नंतर तिचा कारभार एब्स्को या दुसऱ्या एजन्सीने घेतला, आणि अडकलेल्या ग्रंथालयांना अंक मिळत राहावेत म्हणून बऱ्याच प्रकाशकांनी सांभाळून घेतलं. म्हणजे एजन्सीचं वय आणि तिचा आकार ही काही सुरक्षेची हमी नव्हे.

आपल्याकडे हे लहान प्रमाणावर घडतं, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका एजन्सीने आमची पूर्ण रक्कम घेतली आणि मार्चपर्यंत बऱ्याच परदेशी प्रकाशकांना काहीच भरलं नाही. आम्हाला कळलं ते अंक येईनात म्हणून. विचारलं की 'पोस्टात असेल' हे उत्तर. शेवटी मी थेट प्रकाशकांना लिहिलं तेव्हा 'तुमची ऑर्डर आमच्याकडे नाही' अशी उत्तरं यायला लागली. त्या वर्षापासून मी करारात एक अट घातली आणि निवृत्तीपर्यंत ती सोडली नाही : रक्कम मिळाल्यापासून ४५ दिवसांत प्रत्येक परदेशी नियतकालिकासाठी प्रकाशकाची पावती किंवा बँकेतून पैसे पाठवल्याचा कागद, आणि त्यासोबत प्रकाशकाने आपल्या ग्रंथालयाला दिलेला वर्गणीदार क्रमांक. ज्या एजन्सीने या अटीवर कुरकुर केली, तिला मी काम दिलं नाही.

वर्गणीदार क्रमांकावर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. काही एजन्सी ऑर्डर स्वतःच्या नावाने नोंदवतात आणि अंक स्वतःच्या पत्त्यावर मागवतात. मग प्रकाशकाच्या दप्तरी तुमचं ग्रंथालय नसतंच. उद्या एजन्सी बदललीत तर वर्गणीदार म्हणून तुमचा मागचा इतिहास पुसला जातो. छापील अंकाबरोबर ऑनलाइन वाचनाचा हक्क असेल, वर्गणी बंद केल्यावरही भरलेल्या वर्षांचे अंक वाचता येतील असं प्रकाशकाने कबूल केलेलं असेल, तर तो हक्क कुणाच्या नावावर? ग्रंथालयाचं नाव आणि ग्रंथालयाचा पत्ता प्रकाशकाकडे असलाच पाहिजे. मध्ये पार्सलची सोय कशीही असो.

आता त्या ५ टक्क्यांकडे येतो, कारण विश्वस्तांना आकडा दाखवावा लागेल. परदेशी नियतकालिकाची किंमत प्रकाशक ठरवतो, ती तिन्ही एजन्सींना सारखीच. फरक पडतो तो रुपयांत रूपांतर करताना. समजा एका नियतकालिकाची वर्गणी ४०० डॉलर आहे आणि बँकेचा दर ८६ रुपये आहे. हिशेब होतो ३४,४०० रुपये. एजन्सीने दर लावला ९० आणि त्यावर ५ टक्के सूट दिली, तर ३६,००० मधून १,८०० वजा जाऊन ३४,२०० उरतात. सभेत सांगायला ५ टक्के, हातात पडले २०० रुपये. ९१ चा दर लावला तर सूट घेऊनही तुम्ही जास्तच भरता. म्हणून कोटेशन एकरकमी घेऊ नका. प्रत्येक नियतकालिकासमोर मूळ चलनातली किंमत, लावलेला दर, तो कोणत्या तारखेचा आणि कुठला, म्हणजे बँकेचा टीटी सेलिंग रेट (परदेशी पैसे पाठवताना बँक लावते तो) की पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेच्या गुड ऑफिसेस कमिटीचा, हे वेगवेगळ्या रकान्यांत मागा. प्रकाशकाचं त्या वर्षाचं दरपत्रक सोबत जोडायला सांगा. मग तिन्ही कोटेशन्स शेजारी ठेवून बघा. सेवाशुल्क उघड सांगणारी दिल्लीची एजन्सी कदाचित सगळ्यांत स्वस्त निघेल. कदाचित निघणार नाही, पण निदान कशाचे किती पैसे देतोय ते तुम्हाला दिसेल.

तुमचा मूळ प्रश्न अंक गळण्याचा. एजन्सीमुळे गळती थांबत नाही. ती थांबते क्लेम, म्हणजे न आलेल्या अंकाची मागणी, वेळेवर गेल्याने, आणि क्लेम वेळेवर जातो तो आपल्या आवक नोंदीमुळे. अंक आला नाही हे एजन्सीला कळणार कसं, जर अंक थेट तुमच्याकडे येत असतील? ते तुम्हीच कळवायचं. परदेशी प्रकाशक साधारण दोन-तीन महिने, काही सहा महिने क्लेम घेतात. त्यानंतर अंक फुकट मिळत नाही, विकत घ्यावा लागतो, आणि छापील प्रती मोजक्याच काढत असल्याने विकतही मिळेलच असं नाही. तुमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातला नियतकालिकांचा भाग वापरायला लागा. पुढचा अंक कधी अपेक्षित आहे हे तो दाखवतो आणि उशीर झालेल्या अंकांची यादी काढून देतो. कार्डेक्सवरच, म्हणजे अंकांच्या नोंदीच्या कार्डांवरच, चालवायचं असेल तरी हरकत नाही, पण आठवड्यातून एक ठरावीक वेळ कुणीतरी ते उघडून बसलं पाहिजे. हे काम एजन्सीला देता येत नाही हे विश्वस्तांना आत्ताच सांगा. नाहीतर माणूसही गेला आणि कामही झालं नाही, अशी पाळी येईल.

शेवटचं. सगळं एकाकडे द्यायचा हट्ट त्यांनी सोडावा. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत, भांडारकर संस्था तुमच्या हाकेच्या अंतरावर, गोखले इन्स्टिट्यूट बीएमसीसी रस्त्यावर. यांच्या प्रकाशनांसाठी दिल्लीमार्गे ऑर्डर कशाला? शिवाय यांतलं काही तुम्हाला विनिमयात येत असेल. विनिमयाची यादी एजन्सीला देऊच नका, किंवा द्याल तर 'वर्गणी भरू नये' असा ठळक शेरा मारून द्या. विनिमयातलं नियतकालिक चुकून वर्गणीने मागवलं गेलं की समोरची संस्था पुढच्या वर्षी तुमचं नाव विनिमयातून काढते, आणि ते परत मिळवायला पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

अंकवाला

मी बरीच वर्षं पुण्यात एका वर्गणी एजन्सीत काम केलं, आता त्या धंद्यात नाही. वरच्या सरांनी लिहिलंय ते बरोबर आहे. दुसऱ्या बाजूने थोडं सांगतो.

एजन्सीला पैसे कुठून मिळतात हे समजलं की कोटेशन वाचता येतं. पूर्वी प्रकाशक एजंटला बरं कमिशन द्यायचे, त्यातलं थोडं आम्ही ग्रंथालयाला सूट म्हणून पुढे करायचो. मोठ्या परदेशी प्रकाशकांनी ते कमी कमी करत आणलं, काही जण तर एजंटला काहीच देत नाहीत. त्यामुळे परदेशी आणि भारतीय सगळ्या यादीवर सरसकट ५ टक्के कुणी देत असेल, तर त्याला विचारा की हे येतात कुठून. उत्तर तीनच असू शकतात : चलनाच्या दरातून, तुमचे पैसे काही महिने वापरून, किंवा इतर पुस्तकविक्रीच्या नफ्यातून. तिसरं असेल तर चांगलं आहे, अप्पा बळवंत चौकात असे जुने व्यावसायिक आहेत की जे ग्रंथालयाशी संबंध राहावा म्हणून नियतकालिकं जवळजवळ ना नफा तत्त्वावर करतात. पण ते खात्रीने समजायला त्यांच्या सध्याच्या दोन-तीन ग्राहक ग्रंथालयांना फोन करा. एजन्सीने दिलेल्या यादीतल्या नव्हे, तुम्ही स्वतः शोधलेल्या. आणि एकच विचारा : मागच्या जानेवारीचे अंक कधी आले?

उशीर नेहमी एजन्सीचाच नसतो. नोव्हेंबरच्या शेवटी ऑर्डर आणि जानेवारीत चेक असं करणारी ग्रंथालयं भरपूर. परदेशी नियतकालिकांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे मंजुरी अडकते. ऑर्डर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिलीत तरच पहिला अंक वेळेवर येतो. उशिरा गेलेल्या ऑर्डरला प्रकाशक मागचे अंक देईलच असं नाही.

यादी देताना प्रत्येक नावासमोर आयएसएसएन घाला, म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी ओळख क्रमांक. एकाच नावाची दोन नियतकालिकं असतात, छापील आणि ऑनलाइनचे आयएसएसएन वेगळे असतात. फक्त नावावरून केलेली ऑर्डर मी स्वतः भलत्याच प्रकाशकाकडे गेलेली पाहिली आहे.

भारतीय त्रैमासिकांत एक गोष्ट कायम छळते, ती जोडअंकांची. जुलै-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-डिसेंबर मिळून एकच अंक निघतो. एजन्सीच्या कॉम्प्युटरला चार अंक अपेक्षित असतात, तो न छापलेल्या अंकाचा क्लेम पाठवत राहतो, संपादक वैतागतात, आणि मग खरा अंक हरवतो तेव्हा ते पत्र कुणी वाचत नाही. अंक हातात घेऊन खंड आणि अंकाचा क्रमांक बघणारा माणूस एजन्सीत आहे का, हे भेटीत कळतं. त्यांच्या ऑफिसात जाऊन या. अंक कुठे ठेवतात, कसे लावतात, क्लेमची फाइल दाखवा म्हटल्यावर काय काढून दाखवतात, हे डोळ्यांनी बघा.

दिल्लीच्या पंधरवडी पार्सलबद्दल : त्रैमासिकं, षण्मासिकं यांच्यासाठी ही पद्धत उत्तम. अंक आधी त्यांच्याकडे येत असल्याने न आलेला अंक त्यांनाच आधी कळतो, क्लेम आपोआप जातो. साप्ताहिकांसाठी मात्र वाईट. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मुंबईत निघतं. ते दिल्लीला जाऊन पंधरवड्याने पुण्यात यावं यात काही अर्थ नाही. साप्ताहिकं, पाक्षिकं थेट ठेवा.

आणि छापील अधिक ऑनलाइन अशी वर्गणी असेल तर ऑनलाइन भाग सुरू करून घ्या. पैसे भरलेत पण कुणी ॲक्टिव्हेशनच केलं नाही, अशी ग्रंथालयं मी मोजू शकणार नाही इतकी पाहिली. त्यासाठी बहुतेक प्रकाशकांना स्थिर आयपी पत्ता लागतो. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याकडे तो मागावा लागेल. हे काम एजन्सीने करून द्यायचं, फेब्रुवारीअखेरपर्यंत, असं ऑर्डरमध्येच लिहा.

ग्रंथपाल_एरंडवणे

दोघांचेही मनापासून आभार. रूपांतराचा हिशेब मी आजच आमच्या यादीवर करून बघितला. पुण्याच्या कोटेशनमध्ये दर लिहिलेलाच नाही, रुपयांतला एकच आकडा आहे. आता तिघांकडूनही रकान्यांत मागवते.

अजून दोन गोष्टी. एका विश्वस्तांनी विचारलं की वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेत सगळं फुकट मिळतंय, मग परदेशी वर्गण्या भरायच्याच कशाला? दुसरं, हिशेबनीस विचारतायत की जीएसटीचं काय. आणि मराठीचं काय करू? ऐंशीच्या आसपास मराठी नियतकालिकं आहेत. वर्गणीची रक्कम सगळ्यांत कमी, पण काम सगळ्यांत जास्त.

लेखा_कर्वेरोड

हिशेबाच्या बाजूचं मी सांगते, शैक्षणिक संस्थांचे हिशेब बघते.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिकं, आणि समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या संस्थेकडे. पण योजना मंजूर झाली ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी. तुमची खासगी विश्वस्त संस्था त्यात बसत नाही. तुमचे विद्यार्थी विद्यापीठाच्या जाळ्यातून ती वाचू शकतात का हे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारून घ्या. तसं असेल तर काही महागड्या वर्गण्यांचा फेरविचार करता येईल. मात्र ती ऑनलाइन आहेत. छापील खंडांची तुमची मालिका त्याने पुढे जात नाही.

जीएसटी : छापील नियतकालिकांवर शून्य. एजन्सीचं सेवाशुल्क बिलात वेगळं दाखवलं असेल तर त्या शुल्कावर १८ टक्के लागतील, म्हणजे दिल्लीचे २ टक्के प्रत्यक्षात २.३६ होतात. नुसत्या ऑनलाइन वर्गणीवर एरवी १८ टक्के आहेत, पण पदवी देणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांना ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांसाठी सूट आहे. पीएच.डी. केंद्र त्या व्याख्येत बसतं का हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या. परदेशी प्रकाशकाला ऑनलाइनचे पैसे थेट पाठवायचे झाले तर रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने जीएसटी भरणं), टीडीएस, बँकेचे फॉर्म हे सगळं तुमच्या अंगावर येतं. परदेशी वर्गण्या एजन्सीमार्फत भरण्याचं माझ्या दृष्टीने हेच सगळ्यांत मोठं कारण आहे.

आगाऊ रकमेबद्दल : एजन्सीला प्रकाशकाकडे आगाऊच भरावं लागतं, त्यामुळे तुम्ही उधारीवर द्या म्हटलंत तर चांगली एजन्सी नाही म्हणेल. पण सगळी रक्कम एकदम द्यायची गरज नाही. प्रकाशकनिहाय प्रोफॉर्मा बिलं घ्या, दोन हप्त्यांत द्या, आणि पहिल्या हप्त्याचे पुरावे आल्याशिवाय दुसरा सोडू नका. मोठी रक्कम असेल तर तेवढ्याची बँक गॅरंटी मागा. वर्षात एखादं नियतकालिक बंद पडलं तर प्रकाशक पैसे परत करतो. ते क्रेडिट नोटने तुमच्याकडे आलेच पाहिजेत, ही ओळ ऑर्डरमध्ये नसते आणि ऑडिटला मग शोधाशोध होते.

त्रैमासिक_शनिवारपेठ

मी एका मराठी त्रैमासिकाचं व्यवस्थापन बघते. आमचे वर्गणीदार हजाराच्या आतले. त्यात ग्रंथालयं थोडी, पण ती फार महत्त्वाची, कारण अंक तिथेच टिकतो. म्हणून ताई, ही विनंती समजा : मराठी नियतकालिकांच्या वर्गण्या एजन्सीमार्फत देऊ नका.

आमच्यासारख्यांची वार्षिक वर्गणी काही शे रुपये असते. एजन्सी त्यावर वीस-पंचवीस टक्के कमिशन मागते. ते देऊन, अंक पाकिटात घालून पोस्टात टाकल्यावर हातात उरतं ते छपाईलाही पुरत नाही. वर पैसे वर्षाच्या शेवटी येतात. एका एजन्सीने आमच्याकडून दोन वर्षं अंक घेतले आणि मग फोन उचलणं बंद केलं. ज्या ग्रंथालयांसाठी ते अंक जात होते त्यांना याची कल्पनाही नव्हती, त्यांनी पैसे वेळेवर भरले होते. आम्ही अंक थांबवले, आणि ग्रंथालयांना वाटलं की आम्ही अनियमित आहोत.

थेट वर्गणीचं काम जड वाटतं ते दर वर्षी भरावी लागते म्हणून. आमच्यासारखी बरीच नियतकालिकं तीन वर्षांची, पाच वर्षांची वर्गणी घेतात. ऐंशी नावं पाच वर्षांत वाटून घ्या, दर वर्षी सोळाच येतील. मात्र चालू आहेत की नाहीत याची खात्री असलेल्यांचीच पाच वर्षांची भरा. आम्हालाही उद्याची खात्री कधी कधी नसते, मग तीनच वर्षांची घ्या.

पोस्टाचं सांगते. नोंदणी झालेल्या साप्ताहिकांना, मासिकांना टपालात सवलतीचा दर मिळतो, पण ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पोस्टातून अंक टाकावे लागतात आणि ते साधे टपाल असतं. त्याचा माग काढता येत नाही. महत्त्वाचा अंक रजिस्टर्डने पाठवायची सोय होती, पण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि स्पीड पोस्टचा खर्च आम्हाला परवडत नाही. दिवाळी अंक जाडजूड असतो, तो तरी पुण्यातल्या ग्रंथालयांनी माणूस पाठवून घेऊन जावा. आम्ही बाजूला काढून ठेवतो, फोनवर नाव सांगितलं की पुरे. आणि पत्त्यात संस्थेच्या नावाबरोबर 'ग्रंथालय' आणि पिनकोड हवाच. नुसत्या संस्थेच्या नावाने गेलेला अंक कार्यालयातल्या टेबलावरच राहतो, तुमच्यापर्यंत येत नाही. तुमच्या काही गहाळ अंकांचं मूळ तिथेच सापडेल असं मला वाटतं.

मागचे अंक हवे असतील तर आत्ता कळवा. प्रत्येक अंकाच्या पंचवीस-तीस प्रती आम्ही जपून ठेवतो, आणि ग्रंथालयाचा संच पुरा होत असेल तर छापील किमतीतच देतो.

ग्रंथपाल_एरंडवणे

तुमचं शेवटचं वाक्य वाचून आत्ताच मराठी खंडांची गहाळ यादी करायला बसले आहे, आज-उद्या फोन करते. आमच्या कार्यालयातली टपालाची थप्पीही पाहून आले. तिथे मे महिन्यापासूनची काही पाकिटं न उघडता पडली होती, त्यात दोन त्रैमासिकांचे अंक निघाले.

सभेत असं मांडणार आहे : परदेशी आणि बाहेरगावची इंग्रजी त्रैमासिकं एका एजन्सीकडे, ४५ दिवसांत पुरावे आणि दोन हप्त्यांच्या अटीवर. साप्ताहिकं, पुण्यातल्या संस्थांची प्रकाशनं आणि सगळी मराठी थेट, शक्य तिथे तीन वर्षांची. विनिमय आमच्याकडेच. आणि आठवड्यातले चार तास एका सहायकाला फक्त आवक नोंद आणि क्लेमसाठी मोकळे करून द्यावेत, ही लेखी मागणी. दिल्ली आणि मुंबईच्या दोन्ही एजन्सींना अटी पाठवल्या आहेत. पुण्याच्या एजन्सीत परवा प्रत्यक्ष जाऊन येते.

एक शंका राहिली. चालू वर्षाचे जे परदेशी अंक अजून आलेले नाहीत, त्यांचा पाठपुरावा नवी एजन्सी करेल का?

जुनी_नोंदवही

नाही करणार, आणि तसं धरून चालू नका. या वर्षाची वर्गणी तुम्ही थेट भरलेली आहे, त्याचा वर्गणीदार क्रमांक आणि पावती तुमच्याकडे आहे, त्यामुळे क्लेमही तुम्हीच करायचा. जानेवारी ते जूनच्या अंकांचे क्लेम याच आठवड्यात ईमेलने पाठवा, काहींची मुदत संपत आली असेल. पाठवताना खंड, अंक, महिना, वर्गणीदार क्रमांक आणि पावतीची प्रत एकाच ईमेलमध्ये द्या, म्हणजे उलट प्रश्न येत नाहीत. आणि नव्या एजन्सीला ऑर्डर देताना हेच जुने वर्गणीदार क्रमांक यादीत घाला, 'नवीन वर्गणी नाही, नूतनीकरण आहे' असं स्पष्ट लिहून. नाहीतर जानेवारीत प्रकाशक तुम्हाला नवा क्रमांक देईल, आणि डिसेंबरचा उशिरा निघालेला अंक दोन्ही क्रमांकांच्या मध्ये अडकेल.

निवृत्त झालेल्या तुमच्या सहकाऱ्यांना एक दिवस चहाला बोलवा आणि कार्डेक्समधली त्यांची पेन्सिलीतली टिपणं त्यांच्याकडूनच वाचून घ्या. कुठल्या नियतकालिकाचा पत्ता कधी बदलला, कुणी शेवटचा जोडअंक कधी काढला, हे तिथे असणार. ते कोहात चढवताना अडचण आली तर मला निरोप पाठवा, मी कर्वेनगरला राहतो, येऊन बसेन.